चित्रातल्या रेघेचे व्याकरण

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाण्यासाठी दोन वाटा आहेत. निवळी, जाकादेवी, चाफे अशी आतून जाणारी एक. आणि शिरगाव, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे अशी समुद्राच्या कडेकडेने जाणारी दुसरी. पर्यटन नकाशात या दोन्ही वाटा एकेका रेघेने दाखवलेल्या असतात. रेघ पाहणारा माणूस बाकीचे सारे आपल्या पदरचे घालतो. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो, मध्ये खाडीवर पूल लागतो, पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या वळणांवर जपून जावे लागते, यातले काहीही रेघेने सांगितलेले नसते. वाचणारा माणूस आहे तोवर हे खपून जाते. पण रेघ वाचणारे यंत्र असेल आणि ती वाचून त्याने पुढचे काम स्वतःहून करावे अशी अपेक्षा असेल, तर रेघेने सगळे स्वतःच सांगावे लागते.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात गेली काही दशके चित्रांकडून नेमकी हीच अपेक्षा केली जात आहे. पूर्वी चौकटी आणि बाणांचे चित्र हे प्रोग्राम लिहिण्याआधीचे टिपण असे. प्रोग्राम पूर्ण झाला की ते चित्र कपाटात जाई आणि वर्षभरात खोटे ठरे, कारण प्रोग्राम बदलत राही आणि चित्र तसेच राही. त्यावर निघालेला उपाय असा, की चित्रालाच मूळ मानावे आणि त्यावरून प्रोग्रामचा मोठा भाग यंत्राकडून तयार करून घ्यावा. असे करायचे तर चित्रातल्या प्रत्येक आकाराला आणि प्रत्येक रेघेला ठरलेला अर्थ हवा. अशा ठरीव अर्थाच्या, एखाद्याच कामापुरत्या बेतलेल्या चित्रलिपीला क्षेत्रविशिष्ट प्रारूपभाषा म्हणता येईल.

शब्द जड असला तरी कल्पना कोकणाला परकी नाही. इथल्या मच्छिमारांच्या बोलण्यात उधाण, भांग, सुकती हे शब्द सहज येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या आसपासचे मंद पाणी म्हणजे भांग, ओसरणारे पाणी म्हणजे सुकती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेबही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणून भरती पावणेचारच्या सुमारास. या शब्दसंग्रहात कर्जाचे व्याज सांगता येत नाही की कोर्टातला दावा मांडता येत नाही; पण पाण्याविषयी जे सांगायचे ते दोन शब्दांत आणि निःसंदिग्धपणे सांगता येते. क्षेत्रविशिष्ट भाषेचे बळ आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्राची स्थापना केली. या केंद्रातील विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रारूपांवरून प्रोग्राम घडवणारी 'मास्टरक्राफ्ट' ही साधनमाला विकसित केली आणि बँकिंग, विमा यांसारख्या क्षेत्रांतील मोठ्या प्रणालींसाठी ती वापरली गेली. एका प्रारूपाचे दुसऱ्या प्रारूपात रूपांतर कसे करावे याविषयीच्या 'क्यूव्हीटी' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या घडणीतही टाटा कन्सल्टन्सीचा सहभाग होता. ज्याला स्वतःची चित्रभाषा घडवायची आहे त्याच्यासाठी आज अनेक साधने उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टची 'डीएसएल टूल्स' व्हिज्युअल स्टुडिओ २००५ च्या काळात आली आणि आता 'मॉडेलिंग एसडीके' या नावाने नांदते आहे. एक्लिप्स या मुक्त व्यासपीठावर २०१३ पासून 'सिरियस' आहे. फिनलंडमधील मेटाकेस या कंपनीचे 'मेटाएडिट प्लस' तर या सर्वांत जुने.

ही साधने हाती घेणारा नवखा माणूस बहुधा चौकटींवर वेळ घालवतो. चौकट गोल असावी की आयताकृती, तिचा रंग कोणता, आत कोणते चिन्ह, यावर बैठका होतात. रेघ शेवटी येते आणि घाईत उरकली जाते. वास्तविक चौकट फक्त 'काय आहे' एवढेच सांगते. कोण कोणाला बांधलेले आहे, कोणी काय केल्यावर कोणी काय करायचे, हे सगळे रेघ सांगते.

रेघेला व्याकरण असते याचे एक जुने उदाहरण रत्नागिरीकरांच्या परिचयाच्या रेल्वेत सापडते. गाड्यांचे नियोजन ज्या आलेखावर होते त्यात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके मांडलेली असतात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी खडी तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी झाली की गाडी थांबलेली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि तो आजही बहुतांश एकेरी आहे. त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदणार असतील तर तो छेद स्थानकाच्या ओळीवरच पडायला हवा. दोन स्थानकांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो पडला, तर ती चित्रातली चूक कागदावर राहत नाही. चांगल्या चित्रभाषेचे साधन अशी रेघ मुळात काढूच देत नाही.

आता पुन्हा समुद्राकडे. आरे-वारेचा किनारा जितका देखणा तितकाच पावसाळ्यात धोक्याचा. लाटांबरोबर किनाऱ्याला आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत समुद्राकडे ओढले जाते आणि वरून पाहणाऱ्याला तो पट्टा उलट शांत दिसतो. जुलै २०२५ मध्ये येथे एकाच कुटुंबातील चौघांचा बुडून मृत्यू झाला. अशा घटनेनंतर फलक, जीवरक्षक, बंदी यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्याआधीचा एक साधा प्रश्न आहे. समुद्र खवळणार असल्याचा इशारा निघाला, तर तो कोणाकडून कोणाकडे, किती वेळात आणि कोणत्या मार्गाने पोहोचायचा? याचे चित्र काढून त्यावरून संदेश पाठवणारा प्रोग्राम तयार करायचा आहे, असे क्षणभर मानू. पुढील मांडणी समजावण्यापुरती रचलेली आहे. जिल्हा प्रशासनाच्या प्रत्यक्ष यंत्रणेचे ते वर्णन नाही.

चित्रात सर्वांत वर हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, जे उंच लाटांचे इशारे देते. त्याखाली राज्याचा नियंत्रण कक्ष, त्याखाली जिल्ह्याचा, मग तालुका, मग ग्रामपंचायत आणि शेवटी किनारा. किनाऱ्याशी जोडलेले जीवरक्षक आणि फलक. चौकटी संपल्या. रेघा मात्र तीन तऱ्हेच्या लागतील. वरून खाली जाणारा 'इशारा', खालून वर येणारी 'पोच' आणि जीवरक्षकाला किनाऱ्याशी बांधणारी 'नेमणूक'.

यातली कोणतीही रेघ साधनात बसवताना सर्वप्रथम ध्यानात घ्यायचे ते असे, की तिथे एक रेघ प्रत्यक्षात दोन गोष्टींची बनलेली असते. एक असते नाते, म्हणजे अमुक केंद्र अमुक कक्षाला इशारा देते ही नोंद. दुसरी असते जोडरेषा, म्हणजे ते नाते पडद्यावर कसे दिसेल याचे वर्णन. डीएसएल टूल्समध्ये या दोहोंची व्याख्या वेगवेगळी करावी लागते आणि मग अमुक नाते अमुक जोडरेषेने दाखवावे अशी सांगड तिसऱ्या ठिकाणी घालावी लागते. प्रारूप साठवतानाही हा भेद पाळला जातो. नाती एका फाइलमध्ये राहतात, तर चौकटी कुठे ठेवल्या आणि रेघ कुठे वळली हे दुसऱ्या फाइलमध्ये. दुसरी फाइल हरवली तर मांडणी विस्कटते, पण अर्थ शाबूत राहतो.

प्रथमदर्शनी ही निष्कारण दगदग वाटते. एक रेघ ओढायला तीन नोंदी कशाला, असे कोणीही विचारील. तिचे मोल वेगळ्याच वेळी कळते. समजा 'इशारा' हे नाते घडवले, पण त्याची जोडरेषेशी सांगड घालायची राहून गेली. मग नाते प्रारूपात आहे, पण पडद्यावर रेघ नाही. चित्र पाहणाऱ्या अधिकाऱ्याला वाटते की तालुक्याकडून या ग्रामपंचायतीला काहीच जात नाही, म्हणून तो दुसरी वाट जोडतो. प्रोग्राम मात्र चित्राकडे पाहत नाही, नात्यांकडे पाहतो; तो दोन्ही वाटांनी संदेश पाठवतो. याची उलट बाजू अधिक वाईट. काही साधी रेखाटन-साधने नुसती रेघ काढू देतात, जिच्यामागे कोणतेही नाते नसते. कागदावर इशारा आरे-वारेपर्यंत पोहोचलेला दिसतो आणि प्रत्यक्षात तो तालुक्यालाच थांबलेला असतो. साधन निवडताना आधी हे तपासावे. बाकी सुखसोयी नंतर.

नात्याचेही दोन प्रकार पडतात. एक समावेशाचे, दुसरे संदर्भाचे. किनारा आणि त्यावरचा फलक यांचे नाते समावेशाचे म्हणता येईल. किनाऱ्याची चौकट चित्रातून काढली की त्या जागेच्या फलकाला स्वतंत्र अस्तित्व उरत नाही, तोही जातो. जीवरक्षकाचे तसे नाही. आरेवरची त्याची नेमणूक रद्द झाली तरी तो यादीत राहायला हवा, उद्या त्याला गणपतीपुळ्याला नेमता यायला हवे. म्हणून 'नेमणूक' हे संदर्भाचे नाते. डीएसएल टूल्समध्ये एक टोक पुसले असता दुसरे टोकही पुसावे की नाही, हे नात्याच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे ठरवता येते. समावेशात घटक आपोआप पुसला जातो, संदर्भात केवळ रेघ तुटते. नवख्यांकडून हा पर्याय सर्रास दुर्लक्षिला जातो आणि कोणीतरी एक किनारा पुसल्यावर चार जीवरक्षकांची नावे नाहीशी झाली, अशी तक्रार मग येते.

यानंतर संख्येचा प्रश्न. एका कक्षाकडून किती ठिकाणी इशारा जाऊ शकतो? एक किंवा अनेक. एका किनाऱ्याला इशारा देणारे किती? निदान एक तरी हवाच. किती जीवरक्षक एका वेळी एका किनाऱ्यावर? हा अनुभवाचा आणि खर्चाचा प्रश्न असला तरी भाषेत त्याचे उत्तर द्यावेच लागते. इथे कमाल आणि किमान या दोन मर्यादा वेगवेगळ्या वेळी तपासल्या जातात, हे जाणून घेण्याजोगे आहे. 'एकापेक्षा जास्त नको' असा नियम असेल, तर दुसरी रेघ ओढतानाच साधन अडवते. 'निदान एक हवाच' हा नियम मात्र रेखाटताना लावता येत नाही, कारण प्रत्येक चौकट जन्मतः एकटीच असते. तिला रेघ नंतर मिळते. म्हणून ही तपासणी चित्र जतन करताना किंवा मुद्दाम आज्ञा दिल्यावर होते, आणि ती व्हावी असे भाषा घडवणाऱ्याने आधी सांगून ठेवावे लागते. तो हे विसरला, तर ज्याला कोणीच इशारा देत नाही असा किनारा चित्रात वर्षभर निमूटपणे बसून राहू शकतो.

दिशेचा घोळ त्याहून गमतीदार आहे. रेघ काढताना बहुतेक माणसे देणाऱ्यापासून घेणाऱ्याकडे माऊस ओढतात, पण काहींच्या हाताला उलटे वळण असते. ग्रामपंचायतीपासून सुरुवात करून तालुक्याकडे ओढलेल्या रेघेचा अर्थ यंत्राने शब्दशः घेतला, तर वारे गावाने तहसीलदारांना वादळाचा इशारा दिला असा होतो. यावर दोन उपाय आहेत. कोणत्या चौकटीतून कोणत्या चौकटीत रेघ जाऊ शकते याची यादी साधनाला द्यावी. ती दिली की निषिद्ध चौकटीवर माऊस नेताच नकाराचे चिन्ह दिसते आणि रेघ रुजत नाही. दुसरा उपाय उदार आहे. डीएसएल टूल्सच्या रेखाटन-अवजाराला 'दिशा उलटी धरावी' असा पर्याय देता येतो. मग घेणाऱ्यापासून देणाऱ्याकडे ओढली तरी नाते योग्य दिशेनेच नोंदले जाते. एकच अवजार दोन टोकांच्या चौकटी पाहून नाते कोणते हेही ठरवू शकते. जीवरक्षकापासून किनाऱ्यापर्यंत ओढल्यास 'नेमणूक', कक्षापासून किनाऱ्यापर्यंत ओढल्यास 'इशारा'. रेखाटणाऱ्याला हे सोयीचे असले तरी इशारा आणि पोच यांच्या बाबतीत ही सोय टाळलेली बरी. दोन्ही रेघा त्याच दोन चौकटींमध्ये आहेत, दिशा तेवढी वेगळी. यंत्राला अंदाज करायला लावण्यापेक्षा दोन वेगळी अवजारे ठेवणे शहाणपणाचे.

आता रूप. लोकांना रेघेची जुळवणी म्हणजे एवढेच वाटते, म्हणून ते येथे उशिरा आले आहे. रंग, जाडी, अखंड की तुटक, टोकाला बाण भरीव की पोकळ, या साऱ्या गोष्टी बहुतेक साधनांत यादीतून निवडता येतात. मेटाएडिट प्लसमध्ये तर रेघेच्या प्रत्येक टोकाला 'भूमिका' असते आणि रूप त्या भूमिकेला दिलेले असते. देणाऱ्याकडचा अर्धा भाग एक, घेणाऱ्याकडचा दुसरा. एकाच नात्याला दोनपेक्षा अधिक टोके असू शकतात हा त्याचा आणखी एक फायदा. एकच इशारा एकाच वेळी पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि जीवरक्षक या तिघांना जातो, हे तिथे एकाच फाट्याच्या रेघेने दाखवता येते.

फरक केवळ रंगाने दाखवू नये. लाल म्हणजे इशारा आणि हिरवी म्हणजे पोच असे ठरवले, तर लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. शिवाय आपल्याकडे कोणतेही चित्र कचेरीत पोहोचले की त्याची झेरॉक्स निघते, आणि झेरॉक्समध्ये लाल व हिरवे दोन्ही करडे होतात. संशोधक डॅनियल मूडी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रलिपींविषयीच्या निबंधात एकच फरक एकाहून अधिक प्रकारे दाखवावा, असे तत्त्व मांडले आहे. म्हणजे इशारा लाल, जाड आणि अखंड. पोच हिरवी, बारीक आणि तुटक. रंग गेला तरी जाडी आणि तुटकपणा उरतो.

रेघेने वळावे कसे, हेही ठरवता येते. डीएसएल टूल्समध्ये काटकोनात वळणारी आणि सरळ तिरकी जाणारी असे पर्याय आहेत. सिरियसमध्ये याशिवाय झाडाच्या फांद्यांसारखी मांडणीही मिळते. वरून खाली उतरणाऱ्या अधिकारश्रेणीला काटकोन किंवा फांद्या शोभतात. चौकटी नकाशावरच्या जागांप्रमाणे मांडल्या असतील, काळबादेवी दक्षिणेला आणि गणपतीपुळे उत्तरेला, तर काटकोनी रेघा डोळ्यांना फसवतात. तिथे सरळ रेघ बरी.

रेघेवर लिहायचा मजकूर हा खरा कसोटीचा भाग. 'एसएमएस', 'दूरध्वनी', 'वायरलेस' असे माध्यमाचे नाव किंवा 'पंधरा मिनिटांत पोच हवी' अशी मुदत रेघेवर दिसावी असे वाटते. ती नुसती लिहिली, तर ती शाई झाली. प्रोग्रामला वाचता यावी असे वाटत असेल, तर माध्यम आणि मुदत हे नात्याचे गुणधर्म म्हणून आधी नोंदवावे लागतात आणि रेघेवरची अक्षरे त्या गुणधर्मांतून उचलली जातील अशी सांगड घालावी लागते. सिरियसमध्ये हा फरक मुळातच पुढ्यात येतो. एका चौकटीने दुसरीकडे नुसता निर्देश केला असेल, तर त्यासाठी साधी रेघ पुरते; पण रेघेला स्वतःची माहिती बाळगायची असेल, तर तिच्यामागे स्वतंत्र घटक असावा लागतो आणि रेघेचा प्रकारही वेगळा निवडावा लागतो. सुरुवातीला साधी रेघ निवडून काही महिन्यांनी मुदत जोडायची ठरवली, तर आधी काढलेली सर्व चित्रे नव्या घडणीत आणण्याचे काम अंगावर येते. 'रेघेला कधीतरी काही सांगावे लागेल का' हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशी विचारावा. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' या मानकात प्रत्येक इशाऱ्याबरोबर निकड, तीव्रता आणि खात्री या तीन बाबी सांगायच्या असतात. भारतातही इशाऱ्यांसाठी हेच मानक स्वीकारले गेले आहे. तेव्हा आपल्या चित्रातल्या रेघेला हे तीन कप्पे पहिल्यापासून असलेले बरे.

भाषा घडवून झाली की ती वापरणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तिच्यात मुद्दाम चुकीचे चित्र काढून पाहण्याची पद्धत आहे. जीवरक्षकापासून हैदराबादच्या केंद्राकडे इशारा ओढून पाहावा. साधनाने नकार द्यायला हवा. तालुक्याची चौकट पुसून पाहावी. तिच्याखालच्या ग्रामपंचायती राहायला हव्यात आणि त्यांच्याकडे येणाऱ्या रेघा जायला हव्यात. मग तसेच अर्धवट चित्र जतन करून पाहावे. सगळे नीट जुळवलेले असेल, तर पडद्याच्या तळाशी चुकांच्या यादीत प्रत्येक तुटक्या ठिकाणाची ओळ उमटते आणि त्या ओळीवर दोनदा क्लिक केले की वारे ग्रामपंचायतीची चौकट समोर येते. तिच्या वरच्या कडेला एकही रेघ नसते.